ब्लड बाऊलमधील पहिला संघ कसा निवडावा: पुण्यातील नवख्या खेळाडूंसाठी

पुण्यात पटावरचे आधुनिक खेळ खेळणाऱ्या मंडळींमध्ये ब्लड बाऊलचा विषय निघाला की नवख्या माणसाचा पहिला प्रश्न संघाचा असतो. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने 1986 मध्ये बाजारात आणलेल्या या खेळाची मूळ रचना जर्विस जॉन्सन यांची. ऑर्क, बुटके, एल्फ, उंदीरमानव, भुतेखेते अशा काल्पनिक जमाती अमेरिकन फुटबॉलसारखा एक रांगडा खेळ खेळतात आणि आपण त्यांच्या प्रशिक्षकाच्या भूमिकेत असतो. मैदान 26 बाय 15 घरांचे असते, प्रत्येक बाजूचे 11 खेळाडू पटावर उतरतात आणि प्रत्येक अर्धात दोन्ही संघांना आठ-आठ पाळ्या मिळतात. नियम शिकायला अवघड नाहीत. अवघड आहे ते फाशांनी दगा दिल्यावरही डाव हातात ठेवणे, आणि त्यात संघाच्या निवडीचा वाटा नवख्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो.

“जो संघ दिसायला आवडेल तो घ्या” असा सल्ला सर्रास दिला जातो. तो देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण मला तो पटत नाही. दिसायला देखणा म्हणून वुड एल्फांचा संघ घेतलेल्या माणसाचे पहिल्या तीन-चार सामन्यांत निम्मे खेळाडू जायबंदी होतात, आपले काय चुकले हे त्याला कळत नाही आणि मिनिएचर, म्हणजे खेळाडूंच्या छोट्या मूर्ती, कपाटात जाऊन बसतात. पहिला संघ चूक पोटात घालणारा असावा, म्हणजे प्रशिक्षकाला शिकायला वेळ मिळतो. हा एकच निकष धरून पुढच्या पायऱ्या मांडल्या आहेत.

पहिली पायरी: कोणाबरोबर आणि कोणत्या नियमांनी खेळायचे ते ठरवा

संघ निवडण्याआधी ज्यांच्याबरोबर खेळायचे त्यांना दोन गोष्टी विचारा. ते कोणती आवृत्ती खेळतात, आणि सुटे सामने खेळतात की लीग. 2020 ची ‘सेकंड सीझन’ आवृत्ती अजून पुष्कळांच्या हातात आहे आणि 2025 मध्ये ‘थर्ड सीझन’ आली आहे. खेळाचा गाभा तोच असला तरी किमती, कौशल्ये आणि संघांची रचना यांत फरक पडतो. या लेखातले सगळे आकडे 2020 च्या नियमपुस्तकाप्रमाणे आहेत. तुमची मंडळी नवी आवृत्ती खेळत असतील, तर तत्त्व हेच धरून आकडे त्या पुस्तकातून पडताळून घ्या.

लीग म्हणजे एकच संघ अनेक सामने घेऊन जायचा. खेळाडू अनुभव मिळवतात, नवी कौशल्ये शिकतात, जखमी होतात, क्वचित मरतातही. नवख्याने लीगमध्येच उतरावे, कारण एकच संघ सतत हाताळल्याशिवाय त्याचे गुणदोष अंगवळणी पडत नाहीत. मात्र त्याआधी एखाददुसरा सामना कोणाचा तरी संघ उसना घेऊन खेळावा. पूर्ण सामन्याला सुरुवातीला तीन तासही कमी पडतात. तेवढा वेळ एका बैठकीत मिळत नसेल, तर सात खेळाडूंचा आणि प्रत्येक अर्धात सहाच पाळ्यांचा सेव्हन्स हा छोटा प्रकार आहे, आणि रविवारच्या दुपारी तो निवांत आटोपतो.

दुसरी पायरी: टर्नओव्हर नीट समजून घ्या

कबड्डीत चढाई करणारा पकडला गेला की चढाई तिथेच संपते, तसेच इथे तुमचा खेळाडू तुमच्याच पाळीत पडला, चेंडू उचलताना हुकला किंवा दिलेला पास तुमच्या खेळाडूच्या हाती लागला नाही की पाळी तिथल्या तिथे संपते. उरलेले खेळाडू हललेले नसले तरी ते तसेच राहतात. यालाच टर्नओव्हर म्हणतात. नवखा माणूस सामने हरतो ते बहुतेक वेळा यामुळेच. संघ निवडताना म्हणूनच विचारायचा प्रश्न असा, की या संघाची पाळी किती सहज तुटते?

उत्तरासाठी ब्लॉकच्या, म्हणजे धडकेच्या, फाशाकडे जवळून पाहू. या फाशाच्या सहा बाजूंपैकी एकीवर कवटी असते, म्हणजे धडक देणाराच पडतो. एकीवर दोघेही पडतात. दोन बाजूंवर समोरचा फक्त मागे ढकलला जातो, एकीवर तो अडखळून पडतो आणि एकीवर सरळ आडवा होतो. दोघांची ताकद सारखी असेल तर एकच फासा मिळतो, आणि कौशल्य नसलेल्या खेळाडूने तो टाकला की सहापैकी दोन बाजू त्याला पाडतात. म्हणजे दर तीन धडकांमागे एकदा पाळी संपण्याची शक्यता. ताकद जास्त असेल, किंवा शेजारी मोकळा (दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याला न भिडलेला) उभा असलेला सोबती मदत करून ती वाढवत असेल, तर दोन फासे टाकून हवा तो निवडता येतो, आणि पडण्याची शक्यता 9 पैकी 1 वर येते. त्याच खेळाडूकडे ‘ब्लॉक’ नावाचे कौशल्य असेल तर दोघे पडण्याच्या दानावर तो स्वतः उभाच राहतो आणि ही शक्यता 36 पैकी 1 इतकी खाली जाते. तीनपैकी एक आणि छत्तीसपैकी एक यांतले अंतर डोक्यात पक्के बसले की संघाच्या यादीत ‘ब्लॉक’ हा शब्द किती वेळा आला आहे, हे तुम्ही आपोआप मोजू लागाल.

दुसरी नजर चिलखताच्या आकड्यावर. खेळाडू पडला की प्रतिस्पर्धी दोन फासे टाकतो, आणि बेरीज चिलखताच्या आकड्याइतकी किंवा जास्त आली तरच इजा तपासली जाते. चिलखत 10+ असेल तर ते 36 पैकी 6 वेळा फुटते, 9+ असेल तर 10 वेळा, 8+ असेल तर 15 वेळा. ऑर्कांचे चिलखत बहुतांशी 10+ आहे आणि वुड एल्फ लाइनमनचे, म्हणजे साध्या खेळाडूचे, 8+. तितक्याच वेळा खाली पडून एल्फाचे चिलखत ऑर्काच्या अडीचपट वेळा फुटते. नवख्याचे खेळाडू अनुभवी माणसाच्या खेळाडूंपेक्षा जास्त वेळा पडतात, त्यामुळे हा फरक त्याला दुप्पट भोवतो.

तिसरी गोष्ट रि-रोलची किंमत. रि-रोल म्हणजे फसलेला फासा पुन्हा टाकण्याची मुभा. ती सर्व संघांना सारख्या दरात मिळत नाही. मानव, बुटके आणि स्केव्हन (उंदीरमानव) यांना एक रि-रोल 50 हजार सुवर्णमुद्रांना पडतो, ऑर्कांना 60 हजारांना, तर शॅम्बलिंग अनडेड (भुतेखेते) आणि लिझर्डमेन (सरडेमानव) यांना 70 हजारांना.

तिसरी पायरी: संघ निवडा

माझे स्पष्ट मत असे, की पहिला संघ ऑर्क किंवा मानव यांपैकी एक असावा. दोघांत कोणता हे तुमच्या स्वभावावर सोडता येते, पण निवड डोळसपणे करावी.

ऑर्क हा सहनशील संघ आहे. त्यातले चार ब्लिट्झर, म्हणजे धावून धडक देणारे खेळाडू, ‘ब्लॉक’ कौशल्य घेऊनच येतात, आणि चार बिग अन ब्लॉकरांची ताकद 4 असते. पटावरच्या सामान्य खेळाडूची ताकद 3 असल्याने बिग अनला कोणाच्याही मदतीशिवाय दोन फासे मिळतात. मदत कोठून मिळवायची, ती देणारा खेळाडू मोकळा आहे का, हे हिशेब नवख्याच्या अंगवळणी पडलेले नसतात. बिग अन ते हिशेब काही काळ पुढे ढकलतो. त्याची मर्यादा अशी, की त्याला सुरुवातीला ‘ब्लॉक’ नसते, त्यामुळे त्याला पहिले निवडक कौशल्य तेच द्यावे. संघाचा वेग मात्र बेताचा आहे. लाइनमन आणि बिग अन पाच घरे चालतात, ब्लिट्झर सहा. चेंडू एकदा प्रतिस्पर्ध्याच्या चपळ खेळाडूने पळवला तर त्याला गाठणे कठीण जाते. शिवाय ऑर्क आपापसात भांडखोर आहेत. चेंडू सोबत्याला देताना काही वेळा आधी फासा टाकावा लागतो आणि 1 पडले तर तो द्यायलाच नकार देतो. म्हणून ज्याच्या हातात चेंडू आहे त्यानेच तो शेवटपर्यंत न्यावा, अशी साधी योजना या संघाला मानवते.

मानवांचा संघ सगळे थोडे थोडे करतो. लाइनमन सहा घरे चालतो, चिलखत 9+, चपळाई 3+, आणि किंमत अवघी 50 हजार. चार ब्लिट्झर सात घरे धावतात आणि त्यांना ‘ब्लॉक’ आहे. थ्रोअरकडे ‘शुअर हँड्स’ आहे, म्हणजे चेंडू उचलताना हुकला तर तो स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. कॅचर आठ घरे धावतात आणि निसटण्यात पटाईत असतात, पण त्यांची ताकद 2 असल्याने कोणी गाठले तर फार टिकत नाहीत. धडक, धाव, पास आणि बचाव या चारही अंगांचा सराव एकाच संघात होतो, हे मानवांचे मोठेपण. त्याचबरोबर कोणत्याही एका अंगात ते सर्वोत्तम नसल्याने विजय आयता मिळत नाही, प्रत्येक पाळी विचारपूर्वक खेळावी लागते. ज्याला खेळ मुळापासून शिकायचा आहे आणि सुरुवातीचे चार पराभव जिव्हारी लागणार नाहीत, त्याने मानव घ्यावेत. पहिल्या महिन्यात संघ अखंड राहिला पाहिजे असे ज्याला वाटते त्याने ऑर्क घ्यावेत. लहान मुलाबरोबर खेळणाऱ्या आईवडिलांना मी ऑर्कच सुचवीन, कारण नावानिशी ओळखीचा झालेला खेळाडू मेला की मुलांना ते फार लागते.

बुटक्यांची शिफारस अनेक जण करतात आणि तिला आधार आहे. त्यांचे साधे ब्लॉकरसुद्धा ‘ब्लॉक’, ‘टॅकल’ (निसटणाऱ्याला रोखणे) आणि ‘थिक स्कल’ (सहज बेशुद्ध न होणे) ही कौशल्ये घेऊन 10+ चिलखतात उतरतात. पण ते पाळीला चारच घरे चालतात. चेंडू आपल्या टोकाजवळ पडला तर टचडाऊनसाठी, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्या टोकाच्या रांगेत पोचण्यासाठी, वीस-पंचवीस घरे कापायची असतात आणि आठ पाळ्यांत मिळून चालणे होते बत्तीस घरांचे, तेही एकही पाळी वाया न जाता. हा संघ जागा आणि वेळ यांचा हिशेब शिकवतो, परंतु चेंडूशी खेळणे फारसे शिकवत नाही. म्हणून तो चालेल, पण माझ्या यादीत तिसरा.

शॅम्बलिंग अनडेड हा संघ मला मनापासून आवडतो. दोन ममी ताकद 5 च्या, दोन वाइट ‘ब्लॉक’सह, आणि धावायला घूल. सांगाडे आणि झोंबी 40 हजारांत मिळतात आणि जायबंदी झाले तरी 4+ पडल्यास पुन्हा उठतात. वैद्य ठेवता येत नाही आणि रि-रोल महाग पडतात, एवढे सोडले तर नवख्यालाही झेपेल असा संघ आहे.

स्केव्हन, वुड एल्फ आणि डार्क एल्फ उत्तम संघ आहेत, पण पहिल्या हंगामासाठी नव्हेत. स्केव्हनांचा गटर रनर पाळीला नऊ घरे धावतो आणि दोन जादा घरांची जोखीम घेतली तर अकरा. असा खेळाडू हातात आला की नवखा माणूस प्रत्येक पाळीत त्याला पळवतो, आणि मागे उरलेले दहा जण कसे उभे करायचे हे शिकायचेच राहून जाते. केऑस चोझन या संघाचे खेळाडू सुरुवातीला ‘ब्लॉक’विना येतात आणि बऱ्याच सामन्यांनंतर बहरतात. नर्गल संघाचेही तसेच. हाफलिंग, गॉब्लिन, स्नॉटलिंग आणि ओगर या संघांना नियमपुस्तकानेच सर्वांत खालच्या, तिसऱ्या श्रेणीत ठेवले आहे. हाफलिंगचे चिलखत 7+ म्हणजे पडल्यावर निम्म्याहून अधिक वेळा फुटणारे. ते मुद्दाम अवघड बनवलेले संघ आहेत, आणि खेळ चांगला येऊ लागल्यावरच त्यांची खरी गोडी कळते.

चौथी पायरी: संघाची यादी लिहा

सुरुवातीला प्रत्येकाला 10 लाख सुवर्णमुद्रा मिळतात. त्यात किमान 11 आणि कमाल 16 खेळाडू, रि-रोल आणि वैद्य बसवायचे असतात. इथे एक नियम नवख्यांच्या नजरेतून सुटतो. लीग सुरू झाल्यावर खेळाडू मूळ किमतीलाच मिळतात, रि-रोल मात्र दुप्पट किमतीला. म्हणून रि-रोल आधी घ्या आणि हौसेचे खेळाडू नंतर. नवख्याला तीन रि-रोल हवेतच.

मानवांसाठी पुढील यादी घ्यावी: चार ब्लिट्झर (3 लाख 40 हजार), एक थ्रोअर (80 हजार), दोन कॅचर (1 लाख 30 हजार), पाच लाइनमन (2 लाख 50 हजार), तीन रि-रोल (1 लाख 50 हजार) आणि वैद्य (50 हजार). बरोबर 10 लाख होतात आणि बारा खेळाडू मिळतात. ओगर हा धिप्पाड खेळाडू घेण्याचा मोह आवरावा. 1 लाख 40 हजार देऊन आणलेला हा गडी दर पाळीत आधी फासा टाकतो, 1 पडले तर जागेवर थिजतो, आणि त्याच्यासाठी संघाचा रि-रोल वापरायचा तर आधी 4+ पाडावे लागते.

ऑर्कांसाठी चार ब्लिट्झर (3 लाख 20 हजार), तीन बिग अन (2 लाख 70 हजार), एक थ्रोअर (65 हजार), तीन लाइनमन (1 लाख 50 हजार) आणि तीन रि-रोल (1 लाख 80 हजार) घेतले की 9 लाख 85 हजार होतात आणि उरलेले 15 हजार खजिन्यात जमा राहतात. एका लाइनमनऐवजी चौथा बिग अन घ्यावासा वाटेल, पण त्याने हिशेब 25 हजारांनी वर जातो आणि एक रि-रोल सोडावा लागतो. तो सोडू नका. सामन्यांची कमाई जमू लागली की आधी वैद्य आणि मग चौथा बिग अन घ्यावा. चिलखत जाड असल्याने एक-दोन सामने वैद्याविना निभावतात.

पाचवी पायरी: खरेदी आणि रंगकाम

यादी कागदावर पक्की झाल्याशिवाय मिनिएचर विकत घेऊ नका. अधिकृत संघाच्या एका पेटीत साधारण बारा मिनिएचर येतात, पण नियमांनी परवानगी असलेले सगळे खेळाडू त्यांत असतीलच असे नाही. मानवांचा ओगर आणि ऑर्कांचा ट्रोल वेगळे घ्यावे लागतात. मागवलेल्या मालावर वाहतूक आणि सीमाशुल्क चढते, म्हणून पेटीत नेमके काय आहे ते आधी वाचा. घरच्या खेळात थ्री-डी प्रिंट केलेले संघ किंवा तळाला नाव चिकटवलेल्या सोंगट्यासुद्धा चालतात. कोण ब्लिट्झर आणि कोण लाइनमन हे समोरच्याला दुरून ओळखता आले, एवढेच पाहावे. मैदान फ्लेक्सवर छापून घेतले तर स्वस्त पडते. मिनिएचरचा तळ 32 मिलिमीटरचा असतो, त्यामुळे घर 34 मिलिमीटरचे धरले तर पट सुमारे 88 बाय 51 सेंटिमीटरचा होतो आणि जेवणाच्या टेबलावर मावतो.

रंगकामासाठी ॲक्रिलिक रंग आणि बारीक ब्रश अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत मिळून जातात. एक काळजी मात्र घ्यावी. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, गॅलरीत उभे राहून स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारू नये. हवेतल्या दमटपणाने थर पांढुरका आणि खरखरीत बसतो आणि चेहऱ्यावरचे बारकावे बुजतात. त्या दिवसांत ब्रशने लावायचा प्रायमर वापरावा. ब्लिट्झरांच्या खांद्यावर एक ठसठशीत रंग आणि पाठीवर क्रमांक टाकला की प्रत्यक्ष खेळताना फार सोयीचे होते.

सहावी पायरी: पहिल्या सामन्यांत पाळी कशी खेळावी

चांगला संघसुद्धा चुकीच्या क्रमाने खेळला तर वाया जातो, म्हणून हा भाग इथेच सांगणे आवश्यक आहे. समजा, मानवी संघाची पाळी आहे. चेंडू थ्रोअरपासून दोन घरांवर मोकळा पडला आहे आणि मधल्या रेषेवर तुमचा ब्लिट्झर एका ऑर्क लाइनमनला भिडलेला आहे. नवखा हमखास आधी चेंडूकडे धावतो. त्याने थांबावे. प्रथम ज्या हालचालींना फासा लागत नाही त्या कराव्यात, म्हणजे पडलेल्यांना उठवणे, आणि एका लाइनमनला त्या ऑर्काच्या शेजारी अशा घरात नेणे जिथे दुसरा कोणी ऑर्क त्याला भिडत नाही. आता ब्लिट्झरला दोन फासे मिळतात आणि पडण्याची भीती छत्तीसपैकी एक उरते. मग थ्रोअरने चेंडू उचलावा. 3+ हवे असते, म्हणजे तीनपैकी दोनदा यश. ‘शुअर हँड्स’मुळे ते नऊपैकी आठवर जाते आणि संघाचा रि-रोल खर्च होत नाही. त्यानंतर, अजून न हललेल्या खेळाडूंना त्याच्या चार कोपऱ्यांवरच्या घरांत उभे करावे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी आधी त्यांच्याशी झुंजावे लागते. हे चौघे कोण असतील ते पाळीच्या आरंभीच ठरवून ठेवावे, नाहीतर ऐन वेळी सगळे हलून गेलेले असतात. एका फाशाची धडक, शत्रूच्या शेजारून निसटणे, जादा घर धावणे यांसारखी धोक्याची कामे अगदी शेवटी करावीत, आणि गरज नसेल तर करूच नयेत.

बचावात असताना प्रत्येकाला प्रत्येकाशी भिडवू नये. ऑर्क असा वा मानव, मधल्या रेषेवर नियमाला लागणारे किमान तीनच खेळाडू ठेवा आणि बाकीचे एक-दोन घरे मागे ठेवा, म्हणजे समोरच्याला पहिल्याच पाळीत तुमच्या अकरा जणांवर हात टाकता येणार नाही. उजव्या आणि डाव्या पट्ट्यांत प्रत्येकी जास्तीत जास्त दोनच खेळाडू उभे करता येतात, हेही मांडणी करताना ध्यानात ठेवा.

अनुभवाचे गुण टचडाऊनला तीन, प्रतिस्पर्ध्याला जायबंदी करण्याला दोन आणि पूर्ण झालेल्या पासला एक असे मिळतात. सहा गुण झाले की प्राथमिक गटातले, म्हणजे त्या प्रकारच्या खेळाडूला सहज मिळणाऱ्या गटातले, पहिले कौशल्य स्वतः निवडता येते. टचडाऊन एकाच लाडक्या खेळाडूकडून करून घेण्याची सवय लागते, तिच्यापासून सावध राहावे. तो जखमी झाला की संघ उघडा पडतो. मानवांच्या लाइनमनना ‘ब्लॉक’ मिळेल असे पाहावे, आणि ज्याच्याकडे ते आधीच आहे अशा ब्लिट्झरला ‘गार्ड’ द्यावे, कारण गार्ड असलेला खेळाडू स्वतः वेढलेला असतानाही शेजाऱ्याला मदत करू शकतो.

पहिला हंगाम संपेपर्यंत संघ बदलू नये, मग निकाल काहीही लागोत. हंगामानंतर ऑर्क खेळणाऱ्याने पुढचा संघ स्केव्हन किंवा डार्क एल्फ घ्यावा, आणि मानव खेळणाऱ्याने अनडेड किंवा लिझर्डमेन.